जपानी गाण्यांच्या भेंड्या: पहिल्या अक्षरावरून गाणी कशी जमवायची

भेंड्या कशा खेळायच्या हे कोल्हापुरात कुणाला शिकवायला लागत नाही. पन्हाळ्याला गाडी निघाली किंवा कोजागिरीला गच्चीवर दूध आटायला ठेवलं की दोन पार्ट्या पडल्याच म्हणून समजा, आणि मग "म आलं म, म्हणा की लवकर" सुरू. आता ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून बघणारी आणि जपानी शिकणारी पोरं आपल्याकडं लय झालीत, ती एकत्र बसली की कुणीतरी म्हणतंच चला जपानी गाण्यांच्या लावू, आणि पाच-सहा गाण्यांत खेळ बसतो. गाणी येत नाहीत असं नाही, गाणी येतात की भरपूर, पण ती डोक्यात अक्षराप्रमाणं लावलेली नसतात, आणि जपानी अक्षरांच्या काही भानगडी आधी मिटवून घेतल्या नाहीत तर प्रत्येक गाण्याला वाद होतो. म्हणून हे सगळं नीट बैजवार लिहितेय. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे: गाणं पहिल्या अक्षरावरून शोधायचं, पण निवडायचं ते शेवटच्या अक्षरावरून.

आधी खेळ कुठला ते ठरवा

जपानमध्ये शब्दांची साखळी खेळतात तिला शिरितोरी म्हणतात, बालवाडीतली पोरंसुद्धा खेळतात. एकानं शब्द सांगायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानं सांगायचा, शब्द नाम पाहिजे, एकदा आलेला परत चालत नाही, आणि ज्याचा शब्द "न्" वर संपला तो बाद. जपानीत हा "न्" स्वतंत्र अक्षर म्हणून लिहितात पण त्यानं शब्द सुरू होत नाही, म्हणजे पुढच्याला म्हणायला काही उरतच नाही. हेच नियम गाण्यांच्या नावांना लावले आणि हातात माइक दिला की झाली काराओके शिरितोरी.

आपल्या भेंड्यांत आणि यात मुख्य फरक इथंच आहे. आपण गाण्याचे बोल धरतो, म्हणजे ओळ जिथं संपली ते अक्षर पुढच्या पार्टीला. ते लोक गाण्याचं नाव धरतात. आपल्याकडं गाण्याचं नाव म्हणजे बहुतेक वेळा पहिली ओळच असते त्यामुळं हा प्रश्नच येत नाही, पण जपानी गाण्याचं नाव आणि पहिली ओळ यांचा संबंध असेलच असं नाही. माझं स्पष्ट मत, नाव धरूनच खेळा. बोल धरून खेळायला सगळ्यांचं जपानी पक्कं लागतं, आणि कुणी कुठं थांबायचं यावरून आपली पोरं भांडणार हे ठरलेलं.

वही कशी लावायची

काराओकेचं मशीन १९७१ साली कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाच्या वादकानं बारमध्ये भाड्यानं द्यायला सुरुवात केली. पुढं टच स्क्रीनचे रिमोट येईपर्यंत तिथं प्रत्येक रूममध्ये एक जाडजूड पुस्तक असायचं, त्यात गाण्याची नावं अक्षरावार लावलेली आणि शेजारी नंबर. आपल्याला तसंच पुस्तक करायचंय, फक्त छोटं आणि आपल्याला येणाऱ्या गाण्यांचं. दोनशे पानी वही घ्या, मोबाईलमध्ये शीट केली तरी चालेल पण गच्चीवर अंधारात चार जणांना एकदम बघायला वहीच बरी पडते.

अक्षरांचा क्रम आपल्याला सोपा आहे आणि याचा मला खरंच अभिमान वाटतो. जपानी मुळाक्षरांचा क्रम तिथल्या बौद्ध भिक्षूंच्या संस्कृतच्या अभ्यासातून आलाय, त्यामुळं तो आपल्या बाराखडीच्या अंगानंच जातो. स्वर पाच, आ इ उ ए ओ. मग ओळी का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. एकूण मूळ अक्षरं ४६. प्रत्येक अक्षराला अर्धं पान सोडा, आ, का, शि, ता यांना पूर्ण पान द्या कारण तिथं गाणी भरपूर येतात.

प्रत्येक पानावर रकाने तीन. गाण्याचं नाव देवनागरीत, गायक किंवा कुठल्या ॲनिमेचं आहे ते, आणि तिसऱ्या रकान्यात एकच अक्षर, नाव कशावर संपतं ते. हा तिसरा रकाना लाल पेननं लिहा. न् वर संपत असेल तर त्याला गोल करा.

देवनागरीत का म्हणते, तर एक जपानी अक्षर म्हणजे बहुतेक एक व्यंजन आणि एक स्वर, आणि आपलं अक्षरही तसंच असतं, त्यामुळं मोजायला गडबड होत नाही. इंग्रजी लिपीत लिहिलं की पोरं शेवटचं इंग्रजी अक्षर धरून बसतात आणि सगळा घोळ होतो.

उच्चाराचं थोडं. जपानीत ल नाही, सगळं र च्या ओळीत जातं, म्हणजे लिलॅक हे राइराक्कु होतं आणि रा च्या पानावर बसतं. सि नाही शि आहे, ति नाही चि आहे, हु नाही फु आहे. तु च्या जागी जे त्सु येतं ते आपल्या "चूल" मधल्या चू सारखंच, जरा आखूड म्हणायचं, हिंदीवाल्यांना ते जमवायला कष्ट पडतात, आपल्याला फुकटात मिळालंय. शेवटचा उ पुष्कळ वेळा तोंडातल्या तोंडात राहतो, राइराक्कु हे ऐकताना राइराक् असंच ऐकू येतं, पण अक्षर धरायचं ते कु. जपानी नाव एकतर स्वरावर संपतं नाहीतर न् वर, तिसरा प्रकारच नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धे वाद मिटतात.

उरलेले वाद हे असे मिटवा

लांब ओ आणि लांब उ. "उए ओ मुइते आरुको" हे क्यू साकामोतोचं १९६१ सालचं गाणं, अमेरिकेत १९६३ साली सुकियाकी या नावानं पहिल्या नंबरला गेलेलं. ऐकताना ते को वर संपतं, पण जपानी लिपीत ते आ-रु-को-उ असं लिहितात, म्हणून पुढच्याला उ मिळतो. ओकिनावाकडचं "नादा सोसो" पण उ वर, सेइको मात्सुदाचं १९८० चं "आओइ सांगोशो" पण उ वर. शंका आली की मोबाईलवर जपानी कीबोर्ड टाकून नाव टाईप करून बघायचं, शेवटचं अक्षर समोरच दिसतं.

मग ती आडवी रेघ. इंग्रजीवरून आलेल्या शब्दांत लांब स्वर दाखवायला जपानीत आडवी रेघ मारतात. स्पिट्झ बँडचं १९९६ चं "चेरी" रेघेवर संपतं. जपानी लोकसुद्धा यात दोन्ही पद्धती खेळतात, काही जण रेघ सोडून रि धरतात, काही जण ओढलेला स्वर इ धरतात. आम्ही रेघ सोडतो. तुम्ही काहीही करा पण खेळ सुरू व्हायच्या आधी मोठ्यानं बोलून ठरवा.

कु आणि गु, ता आणि दा, फु आणि बु आणि पु यांची आपसात अदलाबदल चालते असं धरा. जपानी लिपीत ती एकाच अक्षराला दोन टिंबं किंवा छोटं वर्तुळ देऊन लिहितात, त्यामुळं ही सवलत बऱ्याच ठिकाणी देतात, आणि आपल्याकडं ळ आला की ल वरून म्हणू देतात त्यातलाच हा प्रकार. ही सवलत नसेल तर नवी माणसं टिकत नाहीत. छोटं या, यु, यो (शि ला छोटं या जोडून शा होतो तसं) शेवटी आलं तर ते मोठं धरायचं, म्हणजे "निचियोबि योरि नो शिशा" हे गाणं या वर संपलं.

इंग्रजी नावाची जपानी गाणी भरपूर आहेत, ती जपानी उच्चारानंच धरायची. प्रिटेंडर हे पुरितेंदा. लेमन हे रेमोन. आणि लेमन म्हटलं की लगेच पुढचा विषय येतो.

न् चे सापळे

केन्शि योनेझुचं "लेमन" २०१८ चं, सगळ्यांना येतं, सगळ्यांना आवडतं, आणि रे वरून गाणी तशीही कमी, त्यामुळं रे आला की दहातली नऊ पोरं तेच उचलतात. रे-मो-न्. बाद. असंच स्पिट्झचं "रोबिन्सोन" १९९५ चं, एकेबी ४८ चं "हेबी रोतेशोन" २०१० चं, जुजुत्सु काइसेन मधलं ईव्हचं "काइकाइ कितान", गोदाइगोचं "गिंगा तेत्सुदो थ्री नाइन", आणि लहान पोरांच्या तोंडात असलेलं डोरेमॉनचं २००७ चं "युमे ओ कानाएते दोराएमोन". सगळी एकापेक्षा एक गाणी आणि सगळी न् वर. यांचं एक वेगळं पान करा वहीच्या शेवटी, खेळाच्या आधी सगळ्यांनी एकदा ते मोठ्यानं वाचायचं.

नवीन लोकांबरोबर खेळताना मी न् ला बाद करत नाही, न् च्या आधीचं अक्षर पुढं देते, म्हणजे लेमन म्हटलं तर मो. नाहीतर होतं काय, ज्याला एकच गाणं मनापासून येतं ते नेमकं लेमन असतं आणि त्याला ते म्हणायलाच मिळत नाही.

कुठल्या अक्षरांचा साठा करायचा

इथं जरा थांबून वाचा, कारण जिंकणं-हरणं इथंच आहे. प्रत्येक अक्षराला सारखी गाणी जमवत बसू नका. जपानी गाण्यांची नावं ठराविक अक्षरांवरच जास्त संपतात, आणि समोरचा तुम्हाला तीच अक्षरं परत परत देणार.

पहिलं कि. जपान्यांना बर्फावर आणि चंद्रावर गाणी करायचा लय नाद, आणि हे दोन्ही शब्द कि वर संपतात. "कोनायुकि" रेमिओरोमेनचं २००५ चं, "नागोरियुकि" इरुकाचं १९७५ चं, "मिकाझुकि" आयाकाचं २००६ चं. त्यात "हानामिझुकि" आणि इशिकावा सायुरीचं "त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकि" धरा, सगळी कि वर. म्हणून कि वरून निदान चार गाणी अगदी पाठ पाहिजेत. "किसेकि" हे ग्रीन बँडचं २००८ चं सगळ्यात कामाचं, कारण ते कि वरून सुरू होतं आणि कि वरच संपतं, म्हणजे आलेली भेंडी तशीच उलटी समोरच्यावर. मग "किमि ओ नोसेते", लापुता सिनेमातलं, ते ते वर संपतं. मग "कियोशि नो झुन्दोको बुशि" शि वर, हे एनका म्हणजे जुन्या वळणाच्या जपानी गाण्यांच्या धाटणीचं, ठेका एवढा भारी की टाळ्या आपोआप सुरू होतात. आणि चौथं "किताग़ुनि नो हारु", सेन मासाओचं १९७७ चं. ते हत्यार म्हणून ठेवायचं, का ते पुढं बघा.

दुसरं उ. लांब ओ मुळं उ परत परत येतो. साकामोतोचं गाणं इथंही कामाला येतं, उ वरून सुरू उ वर बंद. आदोचं "उस्सेए वा" २०२० चं वा वर. "उचिआगे हानाबि" २०१७ चं बि वर.

आणि तिसरं रु. शिरितोरीत मुरलेल्या माणसाला विचारा, समोरच्याला सारखं रु देत राहायचं हा तिथला सगळ्यांना माहीत असलेला डाव आहे. जपानी क्रियापदं भरपूर रु वर संपतात, त्यामुळं गाण्यांची नावंही संपतात. "योरु नि काकेरु" रु वर. "आइदोरु" रु वर. "सुबारु" रु वर. "माता किमि नि कोइशितेरु" रु वर. वर सांगितलेलं "किताग़ुनि नो हारु" पण रु वर. आणि रु वरून सुरू होणारी गाणी एकदम मोजकी.

मागं शाहूपुरीत एका गच्चीवर बसलो होतो तेव्हाचं सांगते. समोरच्या पार्टीनं "आइदोरु" टाकलं, ओशि नो को हे ॲनिमे बघितलेली तीन पोरं एका सुरात, वरून हातवारे. इकडं रु. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले, दहा, नऊ, आठ मोजणी सुरू. तेवढ्यात अकरावीतली एक पोरगी उठली, "रूजु नो देंगोन", किकीच्या सिनेमात लागतं ते युमी आराइचं १९७५ चं गाणं, आणि काय म्हटलंय तिनं, एकदम गोड. टाळ्या पडल्या आणि मग समोरनं एकानं शांतपणे बोटावर मोजलं, दे-न्-गो-न्. चढली भेंडी. तेव्हा दुधाचं पातेलं ढवळत बसलेल्या काकूंनी विचारलं, "अगं मग दुसरं कुठलं होतं रु वरचं?" आणि त्या रात्री त्यांच्यासकट सगळ्यांनी "रुबी नो युबिवा" चा तुकडा ऐकून पाठ केला.

तर "रुबी नो युबिवा", अकिरा तेराओचं १९८१ चं, त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळालेलं, वा वर संपतं. वहीत रु च्या पानावर हे पहिलं. चाल संथ आहे, आवाज खाली ठेवूनच म्हणायचंय, कुणालाही जमतं. दुसरं "रुपान सान्सेइ नो तेमा", मा वर. तिसरं व्होकलॉइडवाल्यांसाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आवाजातली गाणी ऐकणाऱ्यांसाठी, "रुका रुका नाइतो फीबा", बा वर. एवढी तीन आली तरी समोरच्याचा रु चा डाव निम्मा मोडतो.

बाकी अडणारी अक्षरं म्हणजे ने, नु, हे, रो, मे. ने साठी "नेको", डिश या बँडचं, आयम्योननं लिहिलेलं. हे साठी मियुकी नाकाजिमाचं "हेद्दोराइतो तेरुराइतो", तो वर संपतं, म्हणजे हेबी रोतेशोनच्या सापळ्यातनं सुटका. रो साठी "रोप्पोंगि शिन्जू" आन लुइसचं १९८४ चं, उ वर. मे साठी फुलमेटल अल्केमिस्टचं "मेरिस्सा" आणि पोकेमॉनचं "मेझासे पोकेमोन मासुता". नु आला तर सरळ त्या ओळीतलं दुसरं अक्षर, ना किंवा नि, चालेल असं आधीच ठरवून टाका.

दोन साखळ्या

या तालमीसाठी आहेत, आधी या पाठ करा मग स्वतःच्या जोडा.

मोठ्यांसाठी ही: "झांकोकु ना तेन्शि नो तेझे" (१९९५, एव्हांगेलिऑन) झे वर संपतं, झे वरून "झेन झेन झेन्से" (२०१६), मग से वरून "सेकाइ नि हितोत्सु दाके नो हाना" (२००३), ना वरून "नादा सोसो", उ वरून "उस्सेए वा", वा वरून "वाताशि गा ओबासान नि नात्ते मो" (१९९२), मो वरून "मोनोनोके हिमे" (१९९७), मे वरून "मेरिस्सा" (२००३), सा वरून "साकुरा" (२००३), रा वरून "राइराक्कु" (२०२४), कु वरून "कुरिसुमासु इबु" (१९८३), बु चा फु करून "फुरुसातो" (१९१४, शाळेतलं जुनं गाणं), तो वरून "तोनारि नो तोतोरो" (१९८८), आणि रो वरून "रोप्पोंगि शिन्जू". शंभर-सव्वाशे वर्षांची गाणी एका साखळीत आली बघा, नाद खुळा.

ॲनिमेवाल्या पोरांसाठी दुसरी: "दोराएमोन नो उता", ता वरून "ताच्चि", चि वरून ड्रॅगन बॉल झेडचं "चाला हेच्चाला" (चि ला छोटं या लागून चा होतो, म्हणून चि मध्ये धरायचं), रा वरून "राइराक्कु", कु चा गु करून डीमन स्लेअरचं "गुरेंगे", गे वरून "गेगेगे नो कितारो", उ वरून "उचिआगे हानाबि", बि चा हि करून "हिमावारि नो याकुसोकु" जे डोरेमॉनच्या २०१४ च्या सिनेमाचं, कु चा परत गु करून अटॅक ऑन टायटनचं "गुरेन नो युमिया", या वरून किकीचं "यासाशिसा नि त्सुत्सुमारेता नारा", आणि रा वरून "रामु नो राबु सोंगु". डोरेमॉन हिंदीत बघत मोठी झालेली पोरं ही साखळी एका संध्याकाळी पाठ करतात.

काराओके लावून खेळायचं तर

आपल्याकडं जपानी मशीन नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. ब्लूटूथ स्पीकर, एक माइक आणि एक टीव्ही किंवा मोठा मोबाईल पुरतो. यूट्यूबवर गाण्याचं नाव जपानी लिपीत टाकायचं आणि पुढं काराओके हा शब्दही जपानी लिपीत, इंग्रजीत शोधलं तर अर्धी गाणी सापडत नाहीत. दोन प्रकारचे ट्रॅक मिळतात. ऑफ व्होकल लिहिलेलं असतं तो नुसता आवाज काढलेला मूळ ट्रॅक, आणि दुसरा गाइड मेलडीवाला, त्यात चाल मागं बारीक वाजत राहते. नवशिक्यांनी गाइड मेलडीच घ्या.

पूर्ण गाणं कुणी म्हणायचं नाही. जपानी गाण्याचा जो मुख्य चढा भाग असतो त्याला ते साबी म्हणतात, तेवढाच म्हणायचा, मिनिटभरात काम होतं आणि साखळी पळत राहते. म्हणून ट्रॅक आधी उघडून ठेवताना साबी कितव्या मिनिटाला आहे ते वहीत नावाशेजारी लिहा, चौथा रकाना म्हणा हवं तर. खेळताना जाहिराती आणि शोधाशोधीतच वेळ जातो, त्यामुळं गाणी अक्षरावार प्लेलिस्टमध्ये आधीच टाकलेली बरी.

साबीचे बोल देवनागरीत हातानं लिहा. जोडाक्षरात थांबा येतो तिथं अर्धं अक्षर, आणि न् ला पाय मोडून वेगळा लिहायचा कारण त्याला गाण्यात स्वतःची एक मात्रा असते, तो मागच्या अक्षरात गिळला की लय सुटते. "झेन झेन झेन्से" म्हणताना हे पटकन कळतं, झे-न्-झे-न्-झे-न्-से, सात मात्रा, सातही सारख्या.

गाणी वाटताना आवाज बघून वाटा. आदो, लिसा यांची गाणी उंच पट्टीत आणि योआसोबीची भलतीच वेगात, ती सरावाशिवाय उचलू नका. ज्यांनी आयुष्यात जपानी शब्द उच्चारला नाही, म्हणजे आपली आई, काकू, मामा, त्यांना "फुरुसातो" द्या, तीन मात्रांच्या ठेक्याचं संथ गाणं आहे. साकामोतोचं "उए ओ मुइते" पण द्या, त्यात मध्ये शिट्टीचा भाग आहे, बोल विसरले तरी शिट्टी वाजवता येते, आणि माझ्या बघण्यात घरातली मोठी माणसं त्या शिट्टीलाच सगळ्यात आधी सामील होतात.

रात्री दहानंतर स्पीकर बंद, तो कायदाच आहे. तेव्हा नुसती नावं आणि एक ओळ तोंडानं, असं चालू ठेवायचं.

जपानी अजिबात न येणारी माणसं जास्त असतील तर साखळी सोडून चिठ्ठ्या करा. ४६ मधनं ओ चं ते दुसरं अक्षर जे शब्दाच्या सुरुवातीला येत नाही ते आणि न् काढून टाका, उरलेल्या ४४ चिठ्ठ्या डब्यात, एकानं काढायची, त्या अक्षरावरून नुसतं नाव सांगितलं तर एक मार्क, साबी म्हटली तर दोन, आणि रु, ने, हे, रो, मे ला दुप्पट. ना किंवा नि नं नु भागवायची सवलत इथंही ठेवा.

जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेची परीक्षा द्यायला आपल्याकडची पोरं पुण्याला जातात, जुलैत आणि डिसेंबरात, चार-पाच तासांचा हायवे. त्या गाडीत खेळायला हे सगळ्यात भारी, कारण प्रत्येक नावाला शेवटचं अक्षर लिपीत कसं लिहितात हे डोळ्यांपुढं आणावं लागतं, लांब ओ आहे का, रेघ आहे का, टिंब आहे का, आणि एनफाइव्हला, म्हणजे त्या परीक्षेच्या सगळ्यात खालच्या पातळीला, नेमकं तेच विचारतात. गाडीत माइक नको, ड्रायव्हरला खेळात घेऊ नका, आणि परत येताना ज्या अक्षरांवर भेंड्या चढल्या ती अक्षरं वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत त्या पानांवर दोन-दोन गाणी तरी वाढवता येतील.